परसातल्या तळ्यात बेडूक आणून सोडावेत की वाट पाहावी?

अंगणतळं

नमस्कार. आमच्या घरामागे एक सखल रान होतं. पाऊस पडला की तिथे पाणी साठायचं आणि रात्रभर डराव डराव चालायचं. माझी लेक त्या आवाजातच लहानाची मोठी झाली. मागच्या वर्षी तिथे भराव पडला, जमीन सपाट झाली. त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा ती खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आज ते का ओरडत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही. तळं त्यातून सुचलं.

आठ महिन्यांपूर्वी मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक अशा तिघांनी मिळून ते खणलं. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, मधोमध खोली ७० सेंटिमीटर. खाली जुन्या गोधड्या अंथरल्या, त्यांवर जाड काळी ताडपत्री, आणि कडेने फरशीचे तुकडे नीट बसवले. पाणी नळाचं. एका कोपऱ्यात छोटा पंप आहे, त्याचं कारंजं दिवसभर चालतं. डास होऊ नयेत म्हणून आठ गप्पी मासे सोडले होते, ते आता मोजता येत नाहीत इतके झालेत. कुंडीतली कमळं रुजली. संध्याकाळी काठावर एक दिवा लागतो.

सगळं आहे, बेडूक तेवढा नाही. सगळ्यात जवळचा आवाज येतो तो ३०० मीटरवरच्या ओढ्याकडून. मधे एक रस्ता आणि चार-पाच घरांच्या कुंपणभिंती. लेक रोज रात्री विजेरी घेऊन तळ्याभोवती फिरते, वहीत तारीख टाकते आणि पुढे "नाही" लिहिते. गेल्या आठवड्यात वहीचं दहावं पान सुरू झालं. ते बघून राहवत नाही.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. कामावर जाताना ५ किलोमीटरवर रस्त्याकडेला एक डबकं लागतं, त्यात शेकडो काळे बेडूकमासे वळवळताहेत आणि पाणी रोज आटतंय. बादलीभर आणले तर? दुसरं, मावसभाऊ एका दिवसाच्या अंतरावर राहतो. तो म्हणतो, आमच्या विहिरीतले चार मोठे बेडूक पकडून आणून देतो. बाहेरच्या देशातलं काही आणायचं नाही हे मला ठाऊक आहे, हे तर आपलेच बेडूक. किती आणावेत, काय खायला घालावं, मासे असले तर चालतील का? आणि बेडूक आले की साप येतात असं शेजारी म्हणतात, तेही सांगा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांचं ऐकायचंय.

चिखलवाट

ताई, बादली आत ठेवा. विहिरीतल्या चौघांनाही विहिरीतच राहू द्या. तुमचं वाचताना मला माझं अकरा वर्षांपूर्वीचं तळं दिसत होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

मीही हेच केलं होतं. बंद पडलेल्या दगडखाणीच्या खड्ड्यातून दोन खेपांत साधारण दोनशे बेडूकमासे आणले आणि अंगणातल्या तळ्यात सोडले. तळं कसलं, टाकीच ती. चारी बाजू सरळ उभ्या आणि काठ पाण्याच्या वर वीतभर. बेडूकमासे छान वाढले. रोज सकाळी पायरीवर बसून मी बघत राहायचो. आधी मागचे पाय फुटले. मग एके दिवशी कोपरासारखं काहीतरी कातडीतून बाहेर आलं आणि पुढचे पाय सुटले. मला वाटलं, आपल्याला जमलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर बेडकुळ्या तरंगत होत्या. नखाएवढ्या, शेपटीचा बुंधा अजून अंगाला. गाळणीने एकेक काढून पायरीवर ओळीने ठेवल्या. ६३ भरल्या.

पुढचे पाय सुटतात त्या दिवसांत बेडूकमाशाचं अवघं शरीर नव्याने घडत असतं. शेवाळ खरवडणारं तोंड जातं आणि किडे पकडणारं रुंद तोंड येतं. गुंडाळून ठेवलेलं लांब आतडं आखूड होतं. या दिवसांत तो काही खात नाही. शेपटी गळून पडते असं पुष्कळांना वाटतं, पण ती गळत नाही, शरीर तिला जिरवून घेतं आणि त्या शिदोरीवर निभावतं. कल्ले जातात, फुप्फुसं काम करू लागतात. नेमकं तेव्हा त्याला पाण्याबाहेर टेकायला जागा हवी असते. ती नसेल तर ज्या पाण्यात तो वाढला त्याच पाण्यात बुडून मरतो. बेडूक तळ्यात कसे येतील एवढाच विचार मी केला होता. बाहेर कसे पडतील हे मनातही आलं नव्हतं.

तुम्ही कडेने फरशी बसवल्याचं लिहिलंत तिथेच माझं वाचन थांबलं. एका बाजूची फरशी काढा. निदान मीटरभर रुंदीचा उतार करा, इतका सावकाश की काठाशी बोटभर पाणी असेल आणि मग हळूहळू खोली वाढत जाईल. ओली ताडपत्री बुळबुळीत असते, तिच्यावर माती, जाड वाळू, गोटे पसरा म्हणजे पाय धरतील. हे उथळ पाणी उन्हाने लवकर कोमट होतं, तिथे शेवाळ धरतं आणि बेडूकमासे तिथेच चरतात. ७० सेंटिमीटरचा डोह दिसायला छान, पण सगळी लगबग असते ती काठच्या वीतभर पाण्यात. उतार होईपर्यंत आजच्या आज एक खरबरीत फळी तिरकी सोडून ठेवा. पाण्यात पडलेला सरडासुद्धा तिच्यावरून वर येईल.

मासे. हे ऐकायला आवडणार नाही, पण गप्पी आणि बेडूक यांतलं एकच काहीतरी निवडावं लागेल. गप्पी मासा अंडी टोचतो आणि नुकत्याच बाहेर आलेल्या, अजून पोहताही न येणाऱ्या पिल्लांचे लचके तोडतो. भेकाचे, म्हणजे खरबरीत अंगाच्या टोडचे, बेडूकमासे चवीला कडवट असतात, बरेच मासे ते तोंडात घेऊन थुंकतात. बाकीच्यांना ही ढाल नाही. मासे काढाल तेव्हा ओढ्यात मात्र सोडू नका, घरी काचेची टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. ओढ्यात गेले तर तिथल्या अंड्यांवर तीच पाळी येईल. डासांची काळजी रास्त आहे. चतुर एकदा यायला लागले की त्यांच्या अळ्या पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करतात, पाणकिडेही करतात. त्याच चतुराच्या अळ्या काही बेडूकमासेही खातील आणि ते तसंच असायला हवं. एक मादी शेकडो-हजारो अंडी घालते ती सगळी जगावीत म्हणून नव्हे. तोवर डासांच्या अळ्या दिसल्याच तर बीटीआय नावाच्या जिवाणूच्या गोळ्या मिळतात, त्या खास डासांच्या अळ्यांसाठीच असतात. रासायनिक औषध पाण्यात पडू देऊ नका, आणि आसपासच्या झाडांवरही फवारू नका. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. तुम्ही गवतावर जे फवाराल त्यावर तो बसणार आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दोन दिवस उघड्यावर राहिलं की ते उडून जातं, पण काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते असं सहज उडत नाही. आठ महिने मासे जगलेत म्हणजे आत्ताचं पाणी ठीक आहे. पुढे भर घालताना थोडं थोडं घाला. छपरावरचं पावसाचं पाणी वळवता आलं तर फारच उत्तम.

दिवा रात्री बंद ठेवा. उजेडात नर ओरडायला बिचकतात, आणि त्याच्या ओरडण्याशिवाय मादी येत नाही. कारंजं त्यांच्या हंगामात तरी थांबवा, बहुतेक बेडकांना निथळ उभं पाणी लागतं. लेकीला त्याचा आवाज आवडत असेल तर वाईट वाटेल, पण तिला ज्या आवाजाची आस आहे तो कारंज्याखाली दबेल.

आणखी एक. आपण तळं तळं करतो, पण बेडूक वर्षातले मोजके दिवस पाण्यात असतो. बाकी दिवस तो ओल्या पाचोळ्यात, दगडांखाली, कुजक्या ओंडक्यांच्या सांदीत काढतो. तळ्यापासून दोन-तीन पावलांवर सावलीत ओंडके, दगड, पालापाचोळा असा ढीग करून ठेवा आणि त्याला हात लावू नका. झाडलोट करणाऱ्या माणसाला तेवढं सांगा.

मोठे बेडूक मीही एकदा आणले होते, तीन. मित्राने दिले होते. संध्याकाळी तळ्याकाठी सोडले, रात्री तिघेही होते. सकाळी एकही नव्हता. एक दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चिरडलेला सापडला. तोंड ज्या दिशेला होतं ती मित्राच्या घराची दिशा. पुढे समजलं की मोठ्या बेडकांना आपली जागा पक्की ठाऊक असते आणि पुष्कळ जाती वर्षानुवर्षं त्याच पाण्याकडे परततात. त्याला नवं तळं म्हणजे घर वाटत नाही. तो आपल्या पाण्याकडे निघतो.

साप येऊ शकतो, नाही कसा म्हणू? त्याचंही ते अन्न आहे. उंच गवत एकाच बाजूला वाढू द्या, पायवाट स्वच्छ ठेवा, लेक रात्री विजेरी घेऊन जाते ते चांगलंच आहे, पायात बूट असू द्या.

ओली_वही

काकांनी काठाचं सांगितलं, मी रोगाचं सांगते. उभयचरांचं काम करणाऱ्या चमूबरोबर मी काही वर्षं रानोमाळ फिरले. एका डबक्याकडून दुसऱ्याकडे जाताना आम्ही बुटांचा चिखल घासून काढतो, बूट आणि जाळ्या निर्जंतुक करतो, कडक वाळवतो आणि मगच पुढच्या पाण्यात पाय घालतो. एवढं का, ते सांगितलं की बादलीचा प्रश्न आपोआप सुटतो.

कायट्रिड नावाची एक बुरशी आहे. तिचं शास्त्रीय वर्णन १९९९ साली झालं. बेडकाची कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही. तिच्यातून तो पाणी घेतो, बराचसा श्वासही घेतो, अंगातल्या क्षारांचा तोलही तीच सांभाळते. ही बुरशी कातडीतल्या केराटिनवर वाढते, क्षारांचा तोल ढासळतो आणि शेवटी हृदय थांबतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जगभराच्या आढाव्यात उभयचरांच्या निदान ५०१ जाती या रोगाने घटल्याची नोंद आहे, त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. माझ्या मते एखाद्या रोगाने प्राण्यांच्या जगात केलेली एवढी नासाडी दुसरी नाही.

आता बादलीकडे या. बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन असतं ते फक्त तोंडाशी, शेवाळ खरवडायच्या भागात. म्हणून बुरशी लागलेला बेडूकमासाही धडधाकट पोहत राहतो. तुम्ही बादलीत कितीही निरखून पाहा, कळणार नाही. त्याचं रूपांतर झालं, अंगभर नवी कातडी आली, की मग तो मरतो. शिवाय बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणजे बेडूक न आणता नुसतं डबक्याचं पाणी आणलं तरी तोच धोका. पावसात तुमचं तळं भरून वाहिलं तर ते पाणी जाणार कुठे? उतार ओढ्याकडे असेल तर ओढ्यात. ज्या बेडकांचा आवाज लेकीला अजून ऐकू येतो त्यांच्यापर्यंत. रानाव्हायरस नावाचा विषाणूही असाच हिंडतो, तो बेडूकमाशांच्या झुंडीच्या झुंडी मारतो.

ही बुरशी मूळची आशियातली. २०१८ सालच्या जनुकीय अभ्यासाने कोरियन द्वीपकल्पाकडे बोट दाखवलं. तिथून ती जगभर गेली त्यामागे माणसाने केलेली जिवंत उभयचरांची ने-आण आहे. बेडूक स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडत नाही.

"आपलेच बेडूक" या शब्दांवर मी जरा अडले. देशी कुठपर्यंत? भारताच्या मुख्य भूमीवर सर्रास दिसणारा इंडियन बुलफ्रॉग, ज्याचे नर विणीच्या दिवसांत पिवळेधमक होतात, तोच माणसांबरोबर अंदमानात पोचला आणि तिथे उपद्रवी ठरला. त्याचे बेडूकमासे दुसऱ्या जातींचे बेडूकमासे खातात. देश एकच, तरी तो तिथला नव्हे. एका दिवसाच्या प्रवासाने पाऊसमान बदलतं, माती बदलते, आणि एकाच जातीचे बेडूकही आपापल्या जागेला जुळलेले असतात. मावसभावाचे चार बेडूक त्यांच्या विहिरीचे आहेत, तुमच्या ओढ्याचे नाहीत.

चांगल्या हेतूने आणलेल्यांचीही गत सांगते. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरचे भुंगेरे खातील म्हणून केन टोड सोडले. भुंगेरे उसाच्या शेंड्याशी, टोड जमिनीवर, त्यामुळे उसाचा फायदा झालाच नाही. टोडच्या विषाने त्यांना खाणारे स्थानिक प्राणी मात्र मरत गेले आणि टोड अजून पसरतोच आहे. हवाई बेटांवर कोकी नावाचा इवलासा बेडूक १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकेतल्या झाडांबरोबर पोचला. त्याला तळंही लागत नाही, अंड्यातून थेट बेडकुळीच बाहेर येते, मग त्याला कोण अडवणार? ताई, तुम्ही कमळाच्या किंवा इतर पाणवनस्पतींच्या कुंड्या आणाल तेव्हा मुळं आणि पानं नीट धुऊन, पानांमागे अंडी-गोगलगायी नाहीत ना हे बघूनच पाण्यात ठेवा. धुतलेलं पाणी ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. बऱ्याच देशांत रानातले बेडूक पकडणं, बाळगणं, हलवणं यांवर बंधनं आहेत आणि अंडी, बेडूकमासेही त्यात धरले जातात. तुमच्याकडच्या वनखात्याला विचारल्याशिवाय हात घालू नका.

रानात बेडूक परत सोडण्याची कामं होतात, नाही असं नाही. टांझानियात किहान्सी नदीच्या धबधब्याच्या तुषारांत राहणारा एक चिमुकला टोड आहे. धरण झालं, पाणी वळवलं, तुषार आटले. त्यांच्यासाठी तिथे मुद्दाम तुषार उडवणाऱ्या नळ्या बसवाव्या लागल्या. मधल्या काळात कायट्रिडनेही गाठलं. २००९ साली तो रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत जपलेली त्यांची पिल्लं वाढवून २०१२ साली परत सोडली. आधी जागा नीट केली आणि मग प्राणी नेले, आणि तेही वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर. तुमच्या ओढ्यात बेडूक अजून जिवंत आहेत, तुम्हाला यातलं काहीच करावं लागणार नाही. तुम्ही फक्त वाट मोकळी करून द्यायची आहे. ३०० मीटर हे अंतर ओल्या रात्री बेडकाला झेपतं. अडचण भिंतींची आहे. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येक भिंतीच्या तळाशी मूठभर फट ठेवता येईल का बघा.

पानगळ

दोघांचं पटतंय, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. डोळ्यांदेखत डबकं आटत असेल आणि शेकडो जीव चिखलात तडफडत असतील, तर माणसाने बघत उभं राहायचं? आमच्या फाटकापाशी पाणी साठायचं, तिथे काँक्रीट ओतणार होते. आदल्या संध्याकाळी मी पन्नास-साठ बेडूकमासे भांड्याने उचलून चाळीस पावलांवरच्या चरात सोडले. परवानगी घ्यायला वेळ नव्हता. पुढच्या महिन्यात अंगणात बेडकुळ्या उड्या मारत होत्या. मी चुकलो असं मला वाटत नाही.

चिखलवाट

पानगळ, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. चाळीस पावलांवरचा चर म्हणजे तेच पाणी. पावसात दोन्ही एक होतात, एकाचा रोग दुसऱ्याला आधीच लागलेला असतो, आणि आईबाप तिथूनच आलेले. ५ किलोमीटरवरच्या डबक्याचं तसं नाही.

आटण्याबद्दल मात्र मला सांगायचंय, कारण इथे आपली माया आपल्याला चकवते. बऱ्याच जातींच्या माद्या आटणारं डबकं हुडकून तिथेच अंडी घालतात. तिथे मासे टिकत नाहीत, मोठे पाणकिडे वाढायला वेळ मिळत नाही, पिल्लांना तेवढीच उसंत. पाणी कमी होऊ लागलं की अनेक जातींच्या बेडूकमाशांना ते कळतं आणि ते रूपांतराची घाई करतात, थोडे लहान राहतात पण वेळेत बाहेर पडतात. काही वर्षं सगळे मरतात, हेही खरं. बघवत नाही. मी खाणीच्या खड्ड्याशी असा बसलोय.

ताई, तुम्हाला काही करायचंच असेल तर डबक्यासाठी तिथेच करा. साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन जा आणि हळूच ओता. तळ्यातलं पाणी नको, त्याच्याबरोबर तळ्यातलं काहीबाही तिकडे जाईल. दोन-चार पाल्याच्या फांद्या अशा टेकवा की दुपारी अर्ध्या पाण्यावर सावली राहील. लेकीला घेऊन जा. पाय फुटताना तिला तिथेच बघू दे. तिला बेडूकमासा हातात घ्यायचाच असेल तर हात आधी साध्या पाण्याने ओले करायला सांगा, साबण किंवा डासांचं मलम लावलेल्या हाताने तर मुळीच नको.

आणि तुमचं तळं एखाद्या उन्हाळ्यात पूर्ण आटलं तर घाबरू नका. माझं दर दोन-तीन वर्षांनी आटतं. त्यानंतरच्या पावसात तिथे सगळ्यात जास्त पिल्लं होतात, कारण चुकून आलेला मासाही त्यात संपलेला असतो.

अंगणतळं

तीन आठवडे गप्प होते, कारण हातात फावडं होतं.

काका, तुमचा ६३चा आकडा वाचून त्याच रात्री फळी टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर एक ओलागच्च सरडा बसलेला होता. म्हणजे आठ महिने त्याच्यासारखे किती जण बुडाले असतील, हा विचार मनातून जात नाहीये. एक अख्खी बाजू मोडली, उतार केला, वाळू आणि गोटे घातले. मासे काढायला चार दिवस लागले, शेवटचे सात-आठ अजून गुंगारा देताहेत, तळं अर्धं उपसून त्यांना पकडणार आहोत. बाकीचे नवऱ्याच्या ओळखीच्या एका घरी मोठ्या टाकीत गेले. दिवा काढला. कारंज्याचं लेकीला सांगायला मला जड गेलं, पण तिने स्वतः जाऊन बटण बंद केलं.

भावाला नाही म्हटलं. तो जरा नाराज झाला, मग त्याला बुलफ्रॉगचं सगळं वाचून दाखवलं.

डबक्यावर आम्ही पाच वेळा गेलो. दोन कॅन पाणी, पाल्याच्या फांद्या. चौथ्या वेळी काठावरच्या चिखलात नखाएवढ्या बेडकुळ्या होत्या, इतक्या की पाय ठेवायला भीती वाटावी. लेक एका जागी पाऊण तास बसून होती. परत आल्यावर तिच्या बुटांचा चिखल आम्ही ओली_वही म्हणतात तसा घासून काढला आणि बूट दोन दिवस उन्हात टाकले.

भिंतींपैकी तीन घरांनी फट ठेवायला होकार दिला. चौथ्या घरी कुत्रा आहे, त्याने टोड तोंडात धरला तर विषबाधा होईल अशी भीती त्यांना वाटते. ती भीती खरी आहे, म्हणून मी आग्रह धरला नाही. ते घर वगळून वळसा पडतो, पण वाट जुळते.

अंगणतळं

पुन्हा मीच. मधे दोन महिने गेले. पाऊस लागलाय.

आधी चतुर आले, लाल आणि निळे. मग पाण्यावर पळणारे किडे. मासे संपल्यावर पहिले काही दिवस डासांच्या अळ्या दिसल्या, दोनदा गोळी टाकली, नंतर गरज पडली नाही. लेकीची वही चालूच होती आणि पुढे तेच "नाही".

परवा ओंडक्यांच्या ढिगावर घसरलेली कुंडी उचलायला मी हात घातला तर खाली एक टोड बसलेला. माझ्या मुठीएवढा, चॉकलेटी, अंगभर खरखरीत फोड. तो हलला नाही, नुसता बघत होता. ढिगाखालची माती बसून बसून अशी गुळगुळीत झालेली की तो तिथे कालपरवा आलेला नसावा. इतके दिवस आम्ही विजेरी पाण्यावर मारत होतो! कुंडी मी तशीच परत ठेवली. लेकीला दाखवलं ते रात्री, तो आपणहून बाहेर आला तेव्हा. तिने वहीत आधीच्या सगळ्या "नाही"च्या समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. कुठल्या दिवसापासून तो होता हे आता सांगता येणार नाही, म्हणाली.

काल रात्री उताराच्या बाजूने आवाज आला. एकच होता, थांबून थांबून. तिघेही अंधारात दारात बसलो. आज सकाळी उथळ पाण्यात, वनस्पतींच्या देठांभोवती गुंडाळलेल्या दोन लांब माळा आहेत. काचेसारख्या पारदर्शक दोऱ्यात काळे मणी ओवल्यासारख्या. पाऊस जोरात आहे आणि पाणी काठाला आलंय. पंप लावून थोडं पाणी उपसू का? माळा खोल पाण्यात सरकवू का?

चिखलवाट

पंप अजिबात लावू नका. उपसताना माळ खेचली जाईल, पिल्लं बाहेर आली असली तर तीही. पुढे कधी लावावा लागलाच तर त्याच्या तोंडावर स्पंज बांधा.

माळा ज्या जागी आहेत तिथेच राहू द्या, ती जागा मादीने निवडलेली आहे. पाणी वाढलं तर देठांबरोबर त्याही वर येतील. पाणी ओसंडणार असेल तर ते उताराच्या बाजूने न जाता दुसऱ्या कडेने जाईल असा बोटभर खोल चर काढा. ऊब असली तर काही दिवसांतच मणी लांबट होतील आणि माळेचा दोरा विरघळल्यासारखा दिसेल. घाबरू नका, पिल्लं बाहेर येताना तसंच होतं. पहिले एक-दोन दिवस ती देठांना चिकटून निपचित असतात, मेली असं वाटतं. मग काळा थवा करून काठाकाठाने फिरू लागतील. खायला काही घालू नका, शेवाळ पुरेसं आहे. वरून घातलेलं उरतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं.

गोट्यांचा उतार पाण्याखाली गेला असेल तर ती फळी अजून जागेवर आहे का बघा. नसेल तर आज अंधार पडायच्या आत टाका, आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन टाका.